इन्स्टाग्रामचं खातं गेलं: आधी मेल, मग सिम, मग बाकीचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी खानापूर तालुक्यात राहते. घरी मांडे करून विकते. इन्स्टाग्रामवर चार वर्षांत 11 हजार फॉलोअर झाले होते. मंगळवारी रात्री मेसेज आला, की तुमच्या रीलमधलं गाणं कॉपीराइटचं आहे, 24 तासांत अपील करा नाहीतर खातं बंद होईल. लिंक उघडून पासवर्ड टाकला, मोबाईलवर आलेला सहा आकडी कोडही टाकला. सकाळी बघते तर खातं उघडेना. आता त्यावरून माझ्या नावानं ऑर्डरचे ॲडव्हान्स मागतायत. चंदगडच्या एका गिऱ्हाइकानं 3,500 रुपये पाठवले पण. दीर म्हणतात, गप बस आणि नवीन खातं काढ. काय करू? आणि कोड माझ्याच फोनवर आला होता, तर चोर आत गेलाच कसा?"

ताई, दिरांचं या बाबतीत ऐकू नका. त्यांना तुमची काळजी आहे म्हणूनच ते बोलले असतील. पण तुम्ही गप बसलात तर तो माणूस तुमच्या नावावर आणखी महिनाभर गिऱ्हाइकं फसवेल. आणि आत्ताच नवीन खातं काढलंत तर खरं कुठलं, खोटं कुठलं, हे लोकांना कळणार नाही. तुमचं खातं परत मिळू शकतं. फक्त कामं कुठल्या क्रमानं करायची ते नीट समजून घ्या.

मी बेळगावच्या शहापुरात 18 वर्षं संगणक आणि नेटवर्कचं काम करतोय. आता दुकानात प्रिंटर, लॅपटॉप कमी आणि "खातं गेलं" म्हणून रडकुंडीला आलेली माणसंच जास्त येतात. जवळजवळ प्रत्येक जण दिवसभर इन्स्टाग्रामवरच झटापट करून आलेला असतो, आणि मेलकडे कुणी बघितलेलं नसतं. इन्स्टाग्राम तुम्हाला ओळखतं ते मुख्यतः नोंदवलेल्या मेलवरून आणि नोंदवलेल्या मोबाईल नंबरावरून. मेल चोराच्या हातात राहिला तर खातं तीनदा परत मिळवा, चौथ्यांदा जाणारच.

म्हणून आज रात्री पहिलं काम मेलचं. त्या खोट्या पानावर टाकलेला पासवर्डच मेललाही आहे का? बहुतेकांचा तोच असतो. असेल तर लगेच बदला. मेलच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये कुठकुठली उपकरणं आत आहेत त्याची यादी असते, त्यातलं अनोळखी सगळं बाहेर काढा. मेलचाही ताबा गेला असेल तर वेळ घालवू नका. चोरानं जीमेलचा रिकव्हरी नंबर बदलला असला तरी जुन्या नंबरावर कोड मागवायची सोय गूगल साधारण सात दिवसच ठेवतं.

यानंतर एक गोष्ट बघा, ती फारसं कुणी बघत नाही. निपाणीचे एक व्यापारी माझ्याकडे आले होते. फेसबुक पेज दोनदा परत मिळवलं आणि दोनदा गेलं. पासवर्ड बदलला होता, कोडची सोय चालू केली होती, तरी जातच होतं. मी त्यांच्या जीमेलमध्ये फिल्टरची यादी उघडली. त्यात एकच ओळ होती. फेसबुककडून आलेलं कुठलंही पत्र वाचलेलं म्हणून खूण करायचं आणि थेट ट्रॅशमध्ये टाकायचं. म्हणजे "तुमचा नंबर बदलला गेला, तुम्ही नसाल तर इथे दाबा" ही पत्रं त्यांना रोज येत होती, आणि त्यांना एकही दिसत नव्हतं. ती ओळ चोरानं पहिल्याच दिवशी लिहून ठेवली होती. तुम्हीही फिल्टर आणि फॉरवर्डिंग (पत्रं आपोआप दुसऱ्या पत्त्यावर जाणं), दोन्ही बघा. फोनच्या ॲपवर हे धड दिसत नाही, कुणाच्या तरी संगणकावर बसा.

मेल हातात आला की इन्स्टाग्रामचं पत्र शोधा. स्पॅममध्ये बघा, ट्रॅशमध्ये बघा. जीमेलच्या ट्रॅशमध्ये पत्र 30 दिवस राहतं. खात्याचा मेल किंवा पासवर्ड बदलला की इन्स्टाग्राम जुन्या पत्त्यावर कळवतं, आणि हा बदल मी केलेला नाही असं सांगायची लिंक त्यातच असते. मी बघितलंय, लवकर हात घातला तर याच एका लिंकनं पाच मिनिटांत खातं परत येतं. पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र अक्षर न् अक्षर वाचा. शेवटी "मेल डॉट इन्स्टाग्राम डॉट कॉम" असंच पाहिजे. चोर याच पत्राची हुबेहूब नक्कलही पाठवतात.

आता सिम. आपल्या सीमाभागात हा घोळ हमखास असतो. खानापूर, निपाणी, कागवाडकडे बघाल तर एकेका घरात एक सिम कर्नाटकातलं आणि एक महाराष्ट्रातलं. पूर्वी रोमिंगला पैसे पडायचे, म्हणून कोल्हापूरच्या भावानं घेऊन दिलेला नंबर वेगळा आणि इथला वेगळा. रोमिंग फुकट झाल्यावर एक सिम ड्रॉवरमध्ये पडलं, रिचार्ज बंद झाला. चार वर्षांपूर्वी खातं काढताना नेमका तोच नंबर दिलेला असतो. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्या माणसाला देते, आणि तुमच्या खात्याचा कोड त्याच्या फोनवर जायला लागतो. तुमच्या खात्याला कुठला नंबर होता ते आठवा. सिम चालू असेल तर फोनमध्ये घाला, रिचार्ज मारा. सिम दिरांच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर ते आधी सांगून ठेवा, कारण डुप्लिकेट सिम घ्यायची वेळ आली तर कंपनी त्यांनाच बोलावेल.

मेल आणि सिम या दोन्ही गोष्टी हातात आल्यावरच इन्स्टाग्रामकडे वळा. ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा: इन्स्टाग्राम डॉट कॉम, मग तिरपी रेघ, मग "हॅक्ड" हा शब्द इंग्रजी अक्षरांत. ही मदतीची अधिकृत जागा आहे. शोधून सापडलेली, कुणी पाठवलेली, अशी दुसरी कुठलीही लिंक नको. आणि हे काम तुमच्या नेहमीच्या फोनवरून, घरच्याच इंटरनेटवरून करा. ज्या फोनवरून चार वर्षं खातं चाललं तो फोन इन्स्टाग्रामला ओळखीचा आहे. भाचीचा नवा फोन घेऊन, गोव्याला बहिणीकडे बसून प्रयत्न केलात तर तिथल्या यंत्रणेला तुम्हीच चोर वाटाल.

तिथे व्हिडिओ सेल्फी मागतात. चेहरा डावीकडे, उजवीकडे, वर फिरवायचा, आणि तो खात्यातल्या फोटोंशी ताडून बघतात. तुमची अडचण इथे येईल असं मला वाटतं. तुमच्या रीलमध्ये उलट्या कढईवर मांडा पसरणारे हात दिसतात, चेहरा नाही. धंद्याची खाती अशीच असतात, लोणच्याची, पैठणीची, कुंद्याची. ज्या खात्यात मालकाचा चेहरा नाही, तिथे खातं काढताना दिलेला मेल किंवा नंबर आणि त्या वेळी कुठल्या प्रकारचा फोन वापरला होता ते विचारतात. तेव्हाचा जुना फोन आठवा, बिल असेल तर काढून ठेवा. आणि एका दिवसात दहा वेळा कोड मागवू नका. नवीन कोड आला की जुना निकामी होतो, लोक जुनाच टाकत बसतात आणि मग काही तासांसाठी वाट बंद होते. एकदा विनंती पाठवली की उत्तर येईपर्यंत धीर धरा. पहिल्या वेळी नकार आला तरी पुन्हा करता येतं. तिसऱ्या प्रयत्नाला मिळालेली खाती मी पाहिली आहेत.

इन्स्टाग्रामनं नेमलेल्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रारही टाकून ठेवा. त्याचं उत्तर पटलं नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे 30 दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं. ही सोय 2023 पासून आहे, आणि आपल्याकडे ती फारच थोड्यांना ठाऊक आहे.

तुम्ही शेवटी विचारलंय, कोड माझ्याच फोनवर आला होता तर चोर आत गेलाच कसा? हे समजून घ्या, कारण "कोड आहे म्हणजे सुरक्षित" या भरवशावरच बरीच माणसं फसतात. तुम्ही ज्या पानावर पासवर्ड टाकत होता, त्याच्या पलीकडे त्याच क्षणी चोराचा संगणक खऱ्या इन्स्टाग्रामवर तोच पासवर्ड टाकत होता. म्हणून खरा कोड, खऱ्या इन्स्टाग्रामकडून, तुमच्या फोनवर आला. तो तुम्ही खोट्या पानावर टाकला, आणि मुदत संपायच्या आत तिकडे खऱ्या पानावर गेला. म्हणजे कोड अगदी खरा होता. तो टाकला ती जागा तेवढी खोटी होती.

ती जागा ओळखायची कशी? पानाचा रंग, चिन्ह, निळी टिक यांच्याकडे बघून काही कळत नाही, ते सगळं उचलता येतं. वरचा पत्ता बघा. पहिली एकेरी तिरपी रेघ येते तिथे थांबा, आणि तिथून मागे, उजवीकडून डावीकडे वाचा. शेवटी "डॉट कॉम" आणि त्याला चिकटून अगदी आधी "इन्स्टाग्राम", आणि त्याच्याही आधी काही नसेल किंवा नुसता डॉट असेल (जोडरेघ नको), तर पान त्यांचं. "इन्स्टाग्राम डॉट कॉम डॉट अमुक-अपील डॉट तमुक" असं असेल तर मालक तो शेवटचा अमुक आहे, पुढे लिहिलेलं इन्स्टाग्राम नुसतं दाखवायला. घराच्या पाटीवर कुणाचंही नाव लावता येतं, उताऱ्यावर कुणाचं आहे ते महत्त्वाचं. आणि इन्स्टाग्राम खात्याच्या तक्रारीबद्दल तुम्हाला ॲपच्या चॅट इनबॉक्समध्ये मेसेज पाठवत नाही. त्यामुळे असा मेसेज आला की तो खोटाच समजा.

दरवेळी कॉपीराइटचंच निमित्त असतं असंही नाही. शहापुरातल्या एका गणेश मंडळाची पोरं आली होती. त्यांना ओळखीच्या माणसाकडूनच मेसेज आला होता, "आरास स्पर्धेत आमच्या मंडळाला व्होट करा." व्होट करायला त्या पानानं फेसबुकचं लॉगिन मागितलं. एका पोरानं मला सांगितलं, "दादा, मी व्होट केलो, आणि तासाभरात माझ्याच खात्यावरनं सगळ्यांना तोच मेसेज जायला लागला." 14 पोरांची खाती एका संध्याकाळी गेली. मेसेज पाठवणारा ओळखीचा होता, कारण त्याचंही खातं आधीच गेलं होतं, आणि त्यानं लाजेनं कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानं दुपारी ग्रुपवर एक ओळ टाकली असती तर बाकीची खाती वाचली असती. हे मला आजही लागतं.

म्हणून ताई, मेलचा पासवर्ड बदलून झाला की त्याच तासात लोकांना सांगा. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर, गावच्या ग्रुपवर, महिला बचत गटात, आणि ज्यांच्या ऑर्डर येणार आहेत त्यांना एकेक फोन करून. मजकूर साधा ठेवा: "माझं इन्स्टाग्राम खातं चोरीला गेलंय. त्यावरून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. ऑर्डर फक्त माझ्या फोनवर." शेजारपाजारच्या 20-30 जणांना ते खातं रिपोर्ट करायला सांगा, दुसऱ्याच्या नावानं वावरणारा म्हणून. आधी मात्र खात्याचा पूर्ण पत्ता आणि पैसे मागितलेल्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. चोर खात्याचं नाव बदलतो, त्यामुळे जुनं आणि नवं दोन्ही नाव तारीख-वेळेसह वहीत लिहा.

आता पैसे. चंदगडच्या बाईंनी स्वतः 1930 वर फोन करायला हवा, तुम्ही करून पुरत नाही, कारण पैसे त्यांच्या बँक खात्यातून गेले आहेत. हा फोन जितका लवकर जाईल तितकी समोरच्या खात्यात रक्कम अडकवून ठेवता येण्याची शक्यता जास्त. पुढे खात्यावरून खात्यावर उडाली, काढून घेतली, की मग अवघड. त्यांनी यूपीआयचा 12 आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवावा. सीमेवरच्या गावात फोन कुठल्या राज्याचा टॉवर धरेल सांगता येत नाही, म्हणून बोलताना पहिल्याच वाक्यात राज्य आणि जिल्हा सांगा. त्या महाराष्ट्र, कोल्हापूर जिल्हा म्हणतील, तुम्ही कर्नाटक, बेळगाव जिल्हा. दोघींना मिळालेले तक्रार क्रमांक एकमेकींच्या तक्रारीत लिहा, नाहीतर एकाच चोराची दोन राज्यांत दोन वेगळी कागदपत्रं होतात आणि कुणाला दुवा सापडत नाही. केंद्राच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

पोलिसांत जायचं तर खानापूर ठाण्यात किंवा बेळगावात जिल्हा पोलिसांच्या सीईएन ठाण्यात, तेच सायबर आणि आर्थिक गुन्हे बघतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-सी (66C) म्हणजे दुसऱ्याची ओळख किंवा पासवर्ड लबाडीनं वापरणं, आणि 66-डी (66D) म्हणजे संगणकाच्या आधारे दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ही दोन कलमं तुमच्या अर्जात लिहा.

भाषेमुळे आपली माणसं ठाण्याची पायरी चढायला कचरतात, हे मला माहीत आहे. एफआयआर कन्नडमध्ये होते आणि वाचता येत नाही, म्हणून लोक दिसेल तिथे सही करून येतात. तसं करू नका. लिहून घेतलेली माहिती तक्रारदाराला वाचून दाखवायची, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्येच आहे, आणि प्रत फुकट द्यायची हेही त्यातच आहे. "साहेब, मराठीत समजावून सांगा, मग सही करते," असं नम्रपणे म्हणा. माझ्या अनुभवात बहुतेक ठाण्यांत मराठी बोलणारं कुणीतरी असतंच. अर्ज तुम्ही मराठीत देऊ शकता. तक्रार-निवेदन देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत द्यायचा हक्क घटनेच्या कलम 350 नं दिलाय. तरीही माझा सल्ला, मराठी अर्जाला कन्नड किंवा इंग्रजीतलं भाषांतर जोडा. हक्काचा मुद्दा वेगळा आणि तपास करणाऱ्याच्या टेबलावर काम लवकर हलणं वेगळं. तुम्हाला सध्या दुसरं हवंय. खात्याचं नाव, चोराचा यूपीआय आयडी, नंबर, तारखा, यांत एक अक्षर चुकलं तर सगळं वाया जातं, तेव्हा तेवढं स्वतः तपासा.

आणखी एक सांगतो, कळकळीनं. "खातं गेलं" असं तुम्ही कुठेही लिहिलंत की खाली कुणीतरी लिहिणार, "अमक्या भाऊंना मेसेज करा, माझं दोन तासांत परत मिळवून दिलं." त्या भाऊंना पैसे देऊ नका. इन्स्टाग्रामच्या आत शिरून खातं परत आणून देणारा कुणी बाहेरचा माणूस नसतो. ते आधी 500 घेतात, मग "सॉफ्टवेअरचे" 2,000, मग तुमचा मेलचा पासवर्ड मागतात. आधीच लुटलेल्या माणसाला पुन्हा लुटण्याचाच हा धंदा आहे. दुकानात मी हे काम करतो ते तुमच्या शेजारी बसून, तुमच्याच हातानं, तुमच्याच फोनवर. तुमचा पासवर्ड मला कळण्याची गरजच नसते, आणि ज्याला ती गरज वाटते त्याच्या दुकानातून उठून या.

खातं परत मिळालं की जरा वेळ द्या. पासवर्ड नवीन, सगळी उपकरणं बाहेर. अकाउंट्स सेंटरमध्ये (फेसबुक-इन्स्टाग्रामची खाती एकमेकांना जोडायची सेटिंग) चोरानं स्वतःचं फेसबुक जोडून ठेवलंय का बघा, तो मागचा दरवाजा असतो. दोन टप्प्यांच्या सुरक्षेत त्याचं ऑथेंटिकेटर ॲप (लॉगिनचा कोड तयार करणारं) असेल तर काढा आणि स्वतःचं लावा. बॅकअप कोड वहीत लिहून ठेवा, फोनच्या गॅलरीत नको. जाहिरातीसाठी कार्ड जोडलं होतं का? असेल तर बँकेकडून ते आजच बंद करून घ्या, खातं परत मिळायची वाट बघू नका. चोर दुसऱ्याच्या कार्डावर जाहिराती चालवतात. जिथे पासकीची सोय (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकनं किंवा बोटाच्या ठशानं आत जाणं) दिसेल तिथे ती घ्या. पासकी खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते, खोट्या पानावर ती चालतच नाही, मग माणूस कितीही घाबरलेला असो. मंगळवारी रात्री तुम्ही घाबरला होता, आणि तो मेसेज घाबरवण्यासाठीच लिहिलेला होता. 24 तासांची मुदत त्यासाठीच.

चंदगडच्या बाईंना आज रात्रीच फोन करा, 1930 चं सांगा. ते 3,500 भरून द्यायची कायदेशीर जबाबदारी तुमची नाही असं माझं मत आहे. पण त्यांनी ते तुमच्या मांड्यांवरच्या विश्वासानं पाठवले. मी तुमच्या जागी असतो तर त्यांची ऑर्डर घेतली असती, पैशांचं मागाहून बघू म्हटलं असतं. त्यांच्या घरचं कार्य किती तारखेला आहे, तेही त्याच फोनवर विचारून घ्या.